नादबाबाचा अंगठा

दुपारी चारला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर तीन वर्षांची चिमी आईच्या मांडीवर बसली होती. तिचे ओठ निळसर होते; हृदयात जन्मापासून दोष. नादबाबाने तिच्या डोक्याला छोटा माईक टेकवला आणि स्पीकरमधून आवाज आला : घूं... घूं... घूं...

"ऐका! लेकराच्या मस्तकात शक्ती बोलतेय!" बाबाने दुसऱ्या हाताने तिची मान मायेने सावरली. "शक्ती, शांत हो!"

आवाज विरत गेला. थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंस, वहिनी?" चिमीची आत्या आईच्या कानाशी लागली. "चाळीस दिवस सुरी लावायची नाही म्हणालेत बाबा. परवाचं ऑपरेशन रद्द कर."

"डॉक्टर म्हणतात, आणखी थांबणं धोक्याचं आहे."

"डॉक्टरांनी कधी थांबवला का हा आवाज?"

आईने पदराने चिमीचं तोंड पुसलं.

तेवढ्यात मागून एक बाई गर्दी सारत पुढे आली. हॉस्पिटलच्या हृदय विभागातली सिस्टर. तिच्या वॉर्डात हृदयविकार असलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यालाही स्टेथोस्कोप लावून ऐकतात. चिमीच्या डोक्यात तिला हाच आवाज ऐकू आला होता. म्हणून आज सकाळी मेंदूचा स्कॅन ठरला होता. चिमीला घेऊन कुणीच आलं नाही, तेव्हा ती शोधत निघाली.

इकडे आवाज परत सुरू झाला होता. चिमीची मान धरून बाबा पुन्हा "शांत हो" म्हणाला. आवाज थांबला आणि चिमीची मान कलली, डोळे मिटू लागले.

"मानेवरचा हात काढा! आधी हात काढा!" सिस्टर ओरडली.

"बाई, अश्रद्धेने नाद बिघडतो."

"बिघडू दे. हात काढा."

"खाली बसा हो!" कुणीतरी ओरडलं. "चार बुकं शिकली की अक्कल गहाण पडते यांची!"

सिस्टर व्यासपीठावर चढली. "आवाज खरा आहे, मीही ऐकलाय. बाबांनी हात पाठीमागे घेऊन तो थांबवावा. एवढंच."

"शक्तीची परीक्षा घेता?"

"मी घेते," चिमीची आई म्हणाली. "बाबा, हात मागे घ्या."

शेकडो डोळे रोखलेले. माईक सिस्टरने चिमीच्या डोक्याशी धरला आणि बाबाला हात मागे घ्यावेच लागले.

"शांत हो!"

घूं... घूं...

"शांत!"

घूं... घूं...

"शक्ती बहिरी झाली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. आत्याने मान खाली घातली.

सिस्टरने लोकांना सांगितलं : या मुलीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी असावी. तिथून रक्त जोरात धावतं, त्याचा हा आवाज. बाबांचा अंगठा मानेतली मोठी नस दाबतो. रक्त अडतं, आवाज थांबतो. त्याच वेळी मेंदूचंही रक्त कमी होतं. "आणि हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. डोक्यातल्या कमकुवत नसेतून तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी स्कॅन."

आईने चिमीला उचललं. "चला, सिस्टर."

स्कॅनमध्ये चुकीची जोडणी दिसली. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललं, मांडीतल्या नसेतून बारीक नळी घालून ती जोडणी आधी बंद केली आणि मग हृदय दुरुस्त केलं. चिमीचे ओठ आता गुलाबी आहेत.

कानाने ऐकलेलं खरं असलं, तरी त्याचा सांगितलेला अर्थ खरा असेलच असं नाही. कुणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा. आणि लेकराची तपासणी चुकवू नका.