टक्केसरांचा चढता आलेख

“तुमचा विश्वास बसणार नाही, बाई. कोणाचाच बसत नाही,” मुख्याध्यापक छाती फुगवून म्हणाले, “पण या देशाची जी काही भरभराट चाललीय ना, ती आमच्या सातवीच्या वर्गातून चाललीय!”

अर्थखात्याकडून आलेल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. एवढी मोठी थाप त्यांना उघड्या डोळ्यांनी झेपली नसावी.

मुख्याध्यापकांना सारं गाव टक्केसर म्हणे. मधे कधीतरी अर्थखात्यातल्या कोणा शहाण्याला शोध लागला होता, की ज्या देशातली मुलं शाळेत नीट शिकतात तो देश पुढे भराभर वर येतो. गोष्ट खरीच होती. पण खरी गोष्ट कचेरीत शिरली की तिची काय गत होते, हे काय सांगायला हवं? वरच्या मजल्यावर ठरलं, मुलं शिकली पाहिजेत. मधल्या मजल्यावर त्याचं झालं, मुलं पास झाली पाहिजेत. आणि तळमजल्यावरून ते बाहेर पडलं तेव्हा एवढंच उरलं होतं, टक्के वाढले पाहिजेत. टक्के वाढवणं हा तर टक्केसरांच्या डाव्या हाताचा मळ. त्यासाठी मुलांना शिकवायला लागतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

शाळेतल्या आपल्या दिवाणखान्याएवढ्या मोठ्या कचेरीत त्यांनी निकालाचा चढता आलेख थेट भिंतीवर रंगवून घेतला होता. लाल रेघ चढत चढत छताला टेकली, छतावरून पुढे सरकली आणि समोरच्या भिंतीवरून खाली उतरायला लागली.

“ही तर खाली येतेय,” बाई म्हणाल्या.

“छे हो! उलटं उभं राहून बघा, चढतेच आहे.”

बाई उलट्या उभ्या राहिल्या नाहीत. पण त्यांच्या एका शब्दावर आज टक्केसरांचं सगळं अडलं होतं. राजधानीत नवं विकास मंडळ निघत होतं. त्यात एक खुर्ची, एक गाडी आणि बागेसकट बंगला होता. बाईंनी शिफारस केली, की हे सगळं टक्केसरांचं. त्यांनी बंगल्याच्या पडद्यांचं कापडसुद्धा पसंत करून ठेवलं होतं. भावाचा सत्कार डोळे भरून बघायचा म्हणून परगावची धाकटी बहीण दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. सकाळी मुलीला पुलापलीकडे सोडून टक्केसर धावतपळत शाळेत आले, ते तेव्हापासून घामाघूम होते.

“चला, वर्ग बघू,” बाई म्हणाल्या. “छोटीशी परीक्षा घेईन म्हणते.”

“घ्या की! आमचे मेहुणे असतातच वर्गावर.”

हे मेहुणे म्हणजे शाळेचा कणा. ते शिकवत नसत, हिंडत असत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि वर्गाला चार जागा. मेहुणे खिडकीपाशी उभे राहिले की उत्तर पहिलं. फळ्यापाशी दुसरं, कपाटापाशी तिसरं, दारापाशी चौथं. पोरं प्रश्न वाचतसुद्धा नसत. नुसती मान वळवत आणि खूण करत. वर्षानुवर्षं हिंडून मेहुण्यांच्या पोटऱ्या लोखंडी झाल्या होत्या आणि शाळेचे टक्के असे फुगले होते, की निकालाच्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. नाहीतर भिंतींना तडे जायचे!

“मेहुणे राहू देत बाहेर,” बाई म्हणाल्या. “मी एकटीच थांबेन.”

टक्केसरांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुणे बाहेर व्हरांड्यात सवयीने येरझारा घालू लागले, पण दार बंद झालं होतं. टक्केसर दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले.

बाईंनी प्रश्न वाटले. पोरांनी प्रश्नांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा बाईंच्या चपलांवर खिळल्या. बाई फळ्याजवळ गेल्या. साऱ्या वर्गाच्या माना तिकडे वळल्या, पेन्सिली करकरल्या. बाई कपाटाकडे गेल्या. पुन्हा माना, पुन्हा करकर. मग उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून बाई खिडकीशी गेल्या आणि तिथेच रमल्या. रस्त्यावर पाण्याचा नळ फुटला होता आणि पाणीखात्याचा माणूस गुडघाभर पाण्यात हातात पाना घेऊन स्वस्थ उभा होता.

“अहो, बंद करा ना तो!” बाई खिडकीतून ओरडल्या.

“आधी पर्याय सांगा!” तो खालून म्हणाला.

“कसले पर्याय?”

“चार द्या. त्यातला एक निवडतो. या शाळेतून पहिला आलोय मी, उगाच मनाचं काही करत नसतो!”

बाई खिडकीतून आणखी बाहेर वाकल्या. इकडे वर्गात पहिला पर्याय, पहिला पर्याय, पहिला पर्याय अशी नुसती झड लागली होती. दाराबाहेर टक्केसर फटीतून “सरका, बाई, जरा सरका” असं पुटपुटत होते. त्यांना वाटलं, आत जाऊन बाईंना उचलून कपाटापाशी ठेवावं.

दुपारी सभागृह पालकांनी गच्च भरलं. पुढच्या रांगेत बहीण ठेवणीतले कपडे घालून ऐटीत बसली होती. बाई व्यासपीठावर उठल्या.

“मुख्याध्यापक, इतर शाळांतली मुलं चुकतात, ती वेगवेगळी चुकतात. तुमची सगळी एकाच वेळी, एकाच जागी चुकली. हे कसं काय?”

“एकजूट, बाई!” टक्केसर तसूभरही डगमगले नाहीत. “कारखान्यांना दुसरं काय लागतं? एक इकडे बघतोय, एक तिकडे बघतोय, अशाने कुठे देश वर येतो? आमची मुलं एका दिशेने बघतात, एका दमात चुकतात. चूक दुरुस्त करायची झाली, तर एकदाच करावी लागते. केवढी बचत!”

पालकांनी टाळ्या पिटल्या. त्यांतले निम्मे याच शाळेतून निघालेले होते. शेजारी बघून ते टाळ्या वाजवत होते.

आणि बाई विचारात पडल्या! वर जाऊन काहीतरी चांगलं दाखवायचं होतं त्यांनाही. वाढीचा दर मरगळलेला, साहेब वैतागलेले आणि इथे भिंत ओलांडून छतावर चढलेला आलेख. शिकलेल्या माणसाला खोटं गिळायला फार वेळ लागत नाही, फक्त त्यात दोन-चार जड शब्द कालवलेले असावे लागतात. ‘एकजूट’ आणि ‘बचत’ त्यांच्या घशाखाली चांगलेच उतरले असावेत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. टक्केसरांना बंगल्याच्या बागेतली हिरवळ दिसायला लागली.

“शिफारस करते मी,” बाई म्हणाल्या. “फक्त एक सांगा. तुमची स्वतःची मुलगी आहे ना याच वयाची? ती कुठल्या वर्गात बसते?”

“इथेच की, सातवीत!” टक्केसर छातीवर हात ठेवून म्हणाले. “पहिल्या बाकावर! जे देशाच्या लेकरांना, तेच माझ्या लेकराला. यापेक्षा चांगली शाळा मी तिच्यासाठी कुठून आणू?”

सभागृह भारावून गेलं. पेन कागदाला टेकलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून बहिणीचा आवाज खणखणला, “अरे दादा, भर सभेत काय बोलतोस हे! आपली चिमी पुलापलीकडच्या त्या खडूस बाईंच्या शाळेत नाही का जात? कालच तर चहा पिताना मला म्हणालास, ‘माझ्या शाळेत घातली असती, तर वाया गेली असती गं पोरगी!’”