चासीतलं मीठ

उयुनी गावात गाडी धुणं हे हौसेचं काम नव्हे. मिठाच्या मैदानावरून आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्यानं धुतली नाही, तर मीठ तिला उभ्या जागी खाऊन टाकतं. त्यामुळे रेल्वे फाटकापलीकडे फोर्तुनाता कोल्केच्या अंगणात दुपारपासूनच जुन्या जीपगाड्यांची रांग लागायची. अंगणात माणूस उभा राहील एवढा खड्डा, त्यावर दोन लोखंडी पट्ट्या आणि कोपऱ्यात पंप. फोर्तुनाता रबरी बूट घालून, घागरा कमरेला खोचून खड्ड्यात उतरायची आणि गाडीचं पोट धुवायची.

वर ड्रायव्हरांचा वाद चाललेला असायचा, दर आठवड्याला तोच.

"पेट्रोलची घे. वाटेत बिघडली तरी तारेनं बांधून घरी आणता येते."

"आणि पिते किती ते? माझी डिझेल बघ, चार लाख किलोमीटर झाले, इंजिन उघडलेलं नाही!"

"डोंगरातल्या वरच्या तळ्यांवर सकाळी तुझं डिझेल गोठतं, तेव्हा गाडीखाली शेकोटी करून बसतोस ते सांग की लोकांना!"

फोर्तुनाता त्यात कधी पडली नाही. इंजिनाचं काय, ते नवं बसवता येतं. गाडी मरते ती चासीत, खालच्या लोखंडी सांगाड्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चासीच्या पोकळ दांड्यांत खारं पाणी शिरतं. ते निथळायला खाली भोकं ठेवलेली असतात, त्यांतून पंपाची तोटी आत घालून धुवावं लागतं. हे काम वरून दिसत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

रेमिहिओ तिकोनाच्या सहा गाड्या तिच्याकडे यायच्या. त्यातली डाळिंबी रंगाची त्याच्या फार लाडाची. "तीस वर्षांची आहे, पण मला पुरून उरेल," असं तो भेटेल त्याला सांगायचा. फोर्तुनाताच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, म्हणून तो तिला 'कोमाद्रे' म्हणायचा.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा सेनोन त्याच्याकडे ड्रायव्हर होता. पुढचं चाक हलतंय, असं सेनोननं त्याला दोनदा सांगितलं. "एवढी फेरी मारून ये, मग बघू," म्हणाला रेमिहिओ. त्या फेरीत चाक निखळलं, गाडी उलटली आणि एका परदेशी बाईचा पाय गेला. कोर्टात रेमिहिओ टोपी हातात घेऊन उभा राहिला. "साहेब, गाडीखाली बघणं ड्रायव्हरचं काम. त्यातून हा माणूस पितो."

सेनोन वर्षातून एकदा प्यायचा, कार्निव्हलला. आठ महिने तो तुरुंगात होता. सुटल्यावर गावात कोणी त्याच्या हातात गाडी देईना. तो चिलीत सिमेंटची पोती उचलायला गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिकडेच वारला. रेमिहिओनं चर्चमध्ये भलंमोठं फुलांचं चक्र पाठवलं. वर्षभरानं गाड्या धुवायला पाठवल्या. "काम बाहेर कशाला द्यायचं, कोमाद्रे? आपल्याच माणसाला द्यावं."

तो हे मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी सगळं विसरून झालं होतं. फोर्तुनाताला सर्वांत जास्त झोंबलं ते हेच. पण "बरं," म्हणून तिनं काम घेतलं.

पाच गाड्या ती नीट धुवायची. डाळिंबी गाडीच्या चासीची भोकं मात्र तिनं चिंध्या आणि डांबर भरून बुजवली. तोटी फिरवायची ती फक्त बाहेरून. पावसाळ्यात मैदानात पाणी साचलं, की डबाभर खारं पाणी आणून वरच्या फटीतून ती स्वतः आत ओतायची. चासीवर वरून काळा रंग चकचकीत. महिन्यातून एकदा ती पान्यानं चासीवर टकटक करून बघायची. पहिल्या वर्षी खणखणीत आवाज यायचा. दुसऱ्या वर्षी तो बसका झाला. तिसऱ्या वर्षी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा यायला लागला. त्या दिवशी फोर्तुनाता खड्ड्यातच बसून कोकाची पानं चघळत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

ही गाडी एक दिवस वाळवंटात मोडेल आणि रेमिहिओ कोर्टात उभा राहील, एवढाच तिचा हिशेब होता.

जानेवारीत त्या गाडीवर एदमुन्दो नावाचा नवा ड्रायव्हर आला. तिशीचा, शांत, दोन लहान मुलींचा बाप. एका दुपारी तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"मावशी, जरा मागच्या बाजूला बघता का? गाडी डावीकडे ओढते. खड्ड्यातून गेली की दरवाजा आपोआप उघडतो."

"मालकाला सांगितलंस?"

"दोनदा. म्हणाले, एवढा सीझन काढ, मग बघू."

फोर्तुनाताच्या हातातली तोटी तशीच वाहत राहिली. गाडी मोडली तर रेमिहिओ कोर्टात उभा राहणार होताच, पण टोपी हातात घेऊन, साक्षीदार म्हणून. आरोपीच्या पिंजऱ्यात असणार होता हा एदमुन्दो. तीन वर्षं ती सेनोनचीच शिक्षा दुसऱ्या कोणासाठी शिजवत होती.

"पोरा, कार्निव्हलपर्यंत ही गाडी मैदानावर नेऊ नकोस," ती म्हणाली. "ताप आलाय म्हण, आई मेली म्हण, काय वाटेल ते सांग."

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक."

कार्निव्हलच्या मंगळवारी गाड्यांना रंगीत कागद बांधतात आणि चाकांवर बिअर शिंपडून पाचामामाला, धरणीमातेला, तिचा वाटा देतात. गाडीमालक संघाचा तो सोहळा त्या वर्षी फोर्तुनातानं आपल्या अंगणात बोलावला. शंभरेक माणसं जमली. लामाचं मांस भाजून झालं, बाटल्या फुटल्या आणि नेहमीचा वाद पेटला. कोणाची गाडी जास्त टिकते?

रेमिहिओ डाळिंबी गाडीच्या टपावर हात आपटून म्हणाला, "हिच्यापुढे कोणाची आहे सांगा!"

"नुसतं बोलून काय होतंय?" फोर्तुनाता मोठ्यानं म्हणाली. "एकेक गाडी खड्ड्यावर आणा. मी हातोडा मारते. ठरू दे सगळ्यांदेखत."

लोकांना ही मजा वाटली. इतर मालकांच्या पाच गाड्या आल्या, पाचही खणखणल्या, प्रत्येकीला टाळ्या पडल्या. मग रेमिहिओ स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं डाळिंबी गाडी पट्ट्यांवर चढवली.

फोर्तुनातानं खड्ड्यात उतरून हातोडा मारला. आवाज आलाच नाही. हातोडा मुठीपर्यंत आत गेला. तिनं तो ओढून काढला, तसा भोकातून गंजाचा आणि मिठाचा लगदा भळाभळा खाली पडला. दुसरा घाव घातला, तशी मागची दांडी करकरली आणि गाडी ढुंगण टेकल्यासारखी खाली बसली. रेमिहिओ आतून दरवाजा ढकलत होता, तो उघडेना. लोकांनी त्याला खिडकीतून ओढून काढलं.

"हिनं केलं हे!" तो ओरडला. "हीच धुते गाडी!"

"मीच केलं," फोर्तुनाता खड्ड्यातून म्हणाली. "भोकं मी बुजवली. तीन वर्षं झाली. तू एकदा जरी वाकून बघितलं असतंस ना, तर तुला डांबर दिसलं असतं."

"खाली बघणं ड्रायव्हरचं..." त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला.

एदमुन्दो पुढे आला. "मी दोनदा सांगितलं होतं, मालक."

"सेनोननंही दोनदाच सांगितलं होतं," फोर्तुनाता म्हणाली.

संघाच्या लोकांनी त्याच दुपारी रेमिहिओच्या उरलेल्या गाड्या बघितल्या. तिघींच्या ब्रेकच्या नळ्या चिकटपट्टीनं बांधलेल्या निघाल्या. ते फोर्तुनातानं केलेलं नव्हतं. आठवड्याभरात त्याचा परवाना गेला. सहा महिन्यांत तो गाड्या भंगारात विकून पोतोसीला मेहुण्याकडे राहायला गेला. चौकातल्या घरातून त्याचं सामान हललं तेव्हा फोर्तुनाता मुद्दाम स्वच्छ शाल घेऊन रस्त्यावर उभी राहिली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती हलली नाही.

संघानं तिलाही सोडलं नाही. वर्षभर तिच्याकडे कोणी गाडी धुवायची नाही, असं ठरलं. पुढे ते वर्ष संपलं, तरी फार थोडे परत आले.

कार्निव्हलनंतरच्या ईस्टरला मुलगी निएवेस ओरूरोहून आली. ती तिथं शाळेत शिकवायची. चुलीपाशी बसून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, तीन वर्षं त्या गाडीत माणसं बसत होती."

"हो."

"माझ्या शाळेतल्या बाई बसल्या होत्या गेल्या वर्षी. पोरांना घेऊन."

फोर्तुनातानं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. निएवेस ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघून गेली.

एदमुन्दो आता दुसऱ्या मालकाची गाडी चालवतो. तो अजूनही तिच्याच अंगणात येतो, पण तोटी तिच्या हातातून घेतो आणि स्वतः खड्ड्यात उतरतो. दांडीच्या प्रत्येक भोकात बोट घालून बघतो. तिला त्याचा राग येत नाही. ती काठावर बसून पंप चालू-बंद करते आणि कुठलं भोक राहिलं ते वरून दाखवते.