बाणाचा ण

"बानाचा न, पोरी! नळाचा न्हाई, बानाचा!" जयवंतने तिसऱ्यांदा सांगितलं आणि आरोहीने तिसऱ्यांदा खोडरबर उचललं.

"पप्पा, तुमी दोनीबी सारकंच म्हनता."

चुलीपुढून तिची आई प्रतीक्षा हसली. "खरंय तिचं. तुमच्या तोंडात एकच न हाय, आन् माज्याबी."

आता घ्या! अवसरीत वीस वर्षं नळाला पाणी सोडणारा हा माणूस. पाइपाच्या नुसत्या आवाजावरून कुठल्या आळीत पाणी पोचलं ते सांगायचा. खिशावरच्या ओळखपत्रावर 'पाणीपुरवठा कर्मचारी' असं छापलेलं; पण जन्मभर तो त्याला पानीच म्हणत आला. सातवीपर्यंत शिकलेला. वाचताना ण दिसायचा, बोलताना मात्र कुठं गडप व्हायचा देव जाणे.

आरोही तिसरीत. चार श्रुतलेखनं झाली आणि चारही वेळा दहापैकी दोन-तीनच शब्द बरोबर. शनिवारी निदान पाच आले नाहीत, तर महिनाभर पहिलीच्या पोरांत बसून अक्षरं गिरवायची, असं बाईंनी सांगून टाकलं. तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. "समद्या मला हसतील, पप्पा," एवढंच म्हणायची. बाई काही वाईट नव्हत्या. "घरी रोज शब्द सांगत जा, जयवंतभाऊ," असं त्यांनीच बजावलं होतं. आणि जयवंत रोज सांगतच होता की! पानी, लोनी, आमी, व्हते. पोरगी ऐकेल तसं लिहीत होती, कानाशी अगदी इमान राखून. चूक बापाच्या तोंडात होती. हे त्याला उमगलं.

मग त्याने युक्ती काढली. शब्दात ण आला की बोट वर करायचं. पुस्तक समोर धरून तो शब्द म्हणायचा, बोट वर जायचं आणि आरोही खुशीत बाणाचा ण काढायची. दोन दिवसांत दहापैकी आठ! जयवंतला आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी शाळेची टाकी भरायला तो मुद्दाम श्रुतलेखनाच्याच वेळेला गेला. व्हॉल्व्ह वर्गाच्या खिडकीलगत आणि आरोहीची जागाही खिडकीपाशीच. आत बाई स्वच्छ म्हणाल्या, "पाणी."

आरोहीचे ओठ हलले. पानी, पानी. मग तिने बाईंकडे पाहिलं. बाईंचं बोट काही वर नव्हतं. बावरून तिने खिडकीकडे पाहिलं.

लबाडी तर लबाडी! जयवंतने हात उचलला. तेवढ्यात बाई वळल्या. "काय जयवंतभाऊ, आलं का टाकीत?"

तो गडबडला. हात झटकन खाली आला आणि वीस वर्षांत हजारदा दिलेलं उत्तर तोंडातून निसटलं.

"आलं, बाई. पानी आलं!"

आरोहीचा चेहरा खुलला. पप्पांनी सांगितलंच की! मान खाली घालून तिने भराभर लिहिलं. खिडकीतून जयवंतला सगळं दिसत होतं. नळाचा न, चांगला ठसठशीत.

"पुढचा शब्द," बाई म्हणाल्या, "लोणी."

आरोहीने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. जयवंतने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला, आणि टाकी भरून वाहायला लागली तरी तो एक शब्दही बोलला नाही.