गेल्या वर्षीची शोकेस

दर नाताळला हे कुटुंब सकाळी सहाच्या बसने मोठ्या शहरात जायचं, ते तिथल्या सगळ्यात मोठ्या दुकानाला नावं ठेवायला. वडील गावातल्या कापड दुकानात शोकेस सजवायचे. ते दुकान नाताळला बंद असायचं आणि शहरातलं तीनपर्यंत उघडं, म्हणून तोच दिवस. नावं ठेवून झाली की तीच शोकेस चोरून घरी आणायची, हा सहलीचा दुसरा भाग. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

चोरीची पद्धत ठरलेली होती. आई काचेसमोर शाल उलगडून झटकायची, आणि इतका वेळ की जणू तीत वर्षभराची धूळ असावी. शालीच्या आडून वडील पावलं टाकत काचेची लांबी मोजायचे. आत्या रखवालदाराला बसस्थानकाचा रस्ता विचारायची आणि त्याने सांगितलेलं काही केल्या समजून घ्यायची नाही. चिमी, म्हणजे मुलगी, नुसती बघायची. मग स्थानकाच्या बाकावर बसून आठवणीतून चित्र काढायची: कोणता पुतळा कुठे, कापडाला चुण्या किती, कोणता दोरा कुठून सोडलाय. पुढच्या डिसेंबरात ते चित्र गावातल्या काचेमागे उभं राहायचं. लोक म्हणायचे, काय डोकं आहे! वडील मान खाली घालायचे. गावाला तो विनय वाटायचा.

एका वर्षी मोठ्या दुकानातल्या चांदणीचा एक दिवा गेलेला होता. चिमीने दिसलं तसं काढलं. वडिलांनी काढलं तसं केलं. पेटता, चांगला दिवा फिरवून बाहेर काढला. चांदणीचं ते अंधारं टोक गावाला फार आवडलं. पुढच्या वर्षी समोरच्या चपलांच्या दुकानाने आपल्या माळेतले तीन दिवे काढून टाकले.

यंदा चिमीच्या पर्समध्ये मोठ्या दुकानाचं एक पत्र होतं. उन्हाळ्यात तिने घरी न सांगता मोठ्या दुकानाला बारा चित्रं पाठवली होती. टाचणी कशी खोचायची इथपर्यंत सगळं बाजूला लिहून. त्यातलं एक त्यांनी यंदा मधल्या काचेत उभं केलं होतं आणि तिला सजावट विभागात नोकरी देऊ केली होती. त्या पत्रावर सही करून ते आज तीनच्या आत मागच्या दारी द्यायचं होतं. चिमी सव्वीस वर्षांची होती. गप्प राहण्याचं कारण एवढंच, की ती शोकेस कोणाची हे न कळता वडिलांनी एकदा तिला चांगली म्हणावं, अशी तिची इच्छा होती. सव्वीस वर्षं या घरात काढून तिने असली इच्छा धरावी, ही कमालच होती.

वाटेतल्या प्रत्येक दुकानाला आत्याला काहीतरी म्हणायचं होतं, त्यामुळे पोचेपर्यंत सव्वादोन झाले. काचेमागे शिवणकामाची खोली होती. अर्धवट शिवलेला कोट, पाठमोरी बसलेली शिंपीण, आणि छतापासून सोडलेलं एकच पांढरं कापड, खाली बर्फासारखं पसरलेलं. वर चांदणी.

"कोट अर्धाच?" आत्या म्हणाली. "शिंपी पळून गेला वाटतं."

"कापड संपलं असेल, वन्सं." आईने शाल झटकायला सुरुवात केली.

"आणि ही बया पाठ करून बसलीय," वडील म्हणाले. "गिऱ्हाइकाला पाठ दाखवतात होय? माझ्या हाताखाली असता हा सजवणारा, तर कान उपटला असता."

"बाबा, ते कापड बघा ना," चिमी म्हणाली. "वरून खालपर्यंत एकसंध आहे. कुठे जोड नाही."

"म्हणजे उधळपट्टी."

"आणि चुण्या?"

वडिलांनी चुण्या बघितल्या. जरा जास्तच वेळ बघितल्या. कापड आतून दुमडून टाचणी उलटी खोचली होती, डोकं आतल्या बाजूला. ही रीत त्यांची स्वतःची होती. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी कुठून उचललेली नव्हती.

"टाचण्या दिसत नाहीत," ते हळूच म्हणाले. मग लगेच सावरले. "पण चांदणीचा दिवा गेलाय बघ. एवढं मोठं दुकान, आणि एक दिवा बदलायला माणूस नाही! हलगर्जी लेकाचे."

"गेलेला नाही तो, बाबा. लावू नका असं मीच लिहिलं होतं."

शाल थांबली. चिमीने पत्र पुढे केलं. वडिलांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"अगंबाई, आपल्या पोरीचं आहे होय?" आत्या म्हणाली. "तरीच! मी म्हणतच होते, कोट अर्धाच किती छान दिसतोय."

"संध्याकाळी घरी यायला बस मिळेल ना तुला?" आईने विचारलं.

"इथेच राहीन, आई."

चिमी वडिलांकडे बघत होती. त्यांनी पत्राची काळजीपूर्वक घडी घातली, काचेकडे पाहिलं, पुन्हा चिमीकडे पाहिलं.

"मग आमचं चित्र कोण काढणार?" ते म्हणाले.

मग ते खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "बरं, जायच्या आधी मापं तेवढी लिहून दे. तुला तर पाठच असतील."

"नाही देणार, बाबा. आता ते माझं काम आहे."

"बापाला नाही म्हणतेस?"

"शोकेस चोरणाऱ्याला म्हणतेय."

तिने त्यांच्या हातातून पत्र काढून घेतलं आणि मागच्या दाराकडे गेली. तीनला दहा कमी होते. रखवालदाराने तिला अदबीने वाट करून दिली. आत्याला त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

परतीच्या बसची वाट बघत वडील स्थानकाच्या बाकावर कागद घेऊन बसले. बस आली तेव्हा कागदावर एक चौकट होती, दुसरं काही नाही.

पुढच्या डिसेंबरात गावातल्या शोकेसमध्ये कोट पुरता शिवलेला होता, बटणांसकट. शिंपीण गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसली होती आणि चांदणीचे सगळे दिवे लागलेले होते. लोक काचेपाशी थांबले, बघून पुढे गेले. यंदा काही खास नाही, असं गावाचं मत पडलं.

टाचणी मात्र एकही दिसत नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.