ब्रोन्याच्या कात्रीमागून

मित्रांनो, मी एक जुने लाकडी विमान आहे, पण जन्माला आले कागदावर. पोलंडमधल्या क्रोस्नो गावात, मासिकांच्या टपरीवर माझी पाने विकायला होती. पंख, शेपूट, चाके, सगळे छापलेले. कापा आणि चिकटवा! शेतांवर फवारणी करणारे पिवळे विमान ब्रोन्याला आवडले, म्हणून तिने मला घरी आणले.

ब्रोन्या कागदाची विमाने करी, तिचा नवरा एमिल लाकडाची. दोघे एकाच टेबलाशी बसत.

"तुझी विमानं चहाच्या वाफेनं मऊ पडतात," तो म्हणे.

"आणि तुझं फर्निचर आहे, फर्निचर! हलवायला दोन माणसं लागतात."

माझ्या धडाच्या आतल्या चौकटी तिने पुठ्ठ्यातून कापल्या, आणि तेवढ्यावर मी राहिले. ती आजारी होती, त्यातच गेली. त्या नोव्हेंबरात एमिल तिच्या थडग्यावर दिवा लावून आला आणि माझी पाने घेऊन बसला. कागद त्याच्या जाड बोटांना जमत नसे. त्याने तिच्या चौकटी पातळ प्लायवर चिकटवल्या, कडेने प्लाय कापले आणि वर लिंडेन लाकडाच्या पट्ट्या बसवल्या.

इथेच घोटाळा झाला. कागदाला जाडी नसल्यासारखीच, लाकडाला असते. चौकट तेवढी आत घेऊन कापावी लागते. एमिल दरवेळी तसेच करी. या वेळी तो ब्रोन्याच्या कात्रीमागून, तिने कापलेल्या कडेनेच गेला.

मी लठ्ठ झाले. वैमानिकाच्या जागेवरची काच बसेना.

छोटी विमाने करणाऱ्यांच्या मंडळातला त्याचा मित्र फेलिक्स बघायला आला. "अरे, बटाटा भरलेल्या किती पिएरोगी चारल्यास याला?"

"हसू नकोस. स्पर्धेत द्यायचंय. तिच्या नावानं."

"मग पट्ट्या उचकट, चौकटी घास. तिथं मोजपट्टी लावून बघतात, ठाऊक आहे ना?"

एमिलने एक पट्टी काढली, कानस उचलली आणि थांबला. पुठ्ठ्याच्या कडेला बारीक खाच होती. पुढे अजून एक.

"हे काय?" फेलिक्सने विचारले.

"खोकला आला की ती थांबायची. मग पुन्हा कात्री लावायची." एमिलने कानस खाली ठेवली. "घासलं की हे जाणार."

फेलिक्सने न बसणारी काच उचलून पाहिली. मग म्हणाला, "काच मोठी कर. डोकं मोठं तर टोपी मोठी."

एमिल हसला. किती दिवसांनी हसला!

स्पर्धेत परीक्षकांनी मला मोजले आणि शेवटचे ठेवले. एमिलने मला बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणले.

आता खिडकीतल्या उन्हाने माझा पिवळा रंग विटला आहे. एमिलचे हात थरथरतात, म्हणून तो मला क्वचितच उचलतो. पुढे कधी मी दुसऱ्या कोणाच्या हाती जाईन. मित्रांनो, तेव्हा माझी धूळ मऊ ब्रशने पुसा. चाक सैल झाले असेल तर चिकटवा. ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा.

फक्त मला बारीक करू नका.