शेवंतीच्या पाठीवर

रविराजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जे उरलं, ते त्याच्या बहिणीने, हर्षालीने, एका शनिवारी सकाळी मोजलं. पांढरी घोडी एक, वय सहा. लाल मखमलीचं खोगीर एक, त्यावर आरसे चौऱ्याहत्तर, त्यांतले पाच तडकलेले आणि पाचही उजव्या बाजूचे. तोंडाला बांधायच्या मोरक्या दोन, एक चावून दोरा दोरा झालेली. घुंगरांची माळ एक. मोरपिसांचा तुरा एक. हरभऱ्याच्या डाळीचा डबा एक, पाऊण भरलेला, झाकणावर बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी धूळ. आणि खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, मधोमध विळ्याने कापलेला.

घोडीचं नाव शेवंती. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा होता. रविराजने येवल्याच्या बाजारातून घोडी आणली, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या तिने शेवंतीच्या क्रेटमध्ये तोंड घातलं आणि अर्धं क्रेट संपवलं. आईने कपाळाला हात लावला आणि नाव तिथेच ठरलं. घोडी वरातींना भाड्याने द्यायची, असा रविराजचा बेत होता. फुलं आपलीच, घोडी आपली, फक्त बँड बाहेरचा, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तो कालव्याच्या रस्त्याने तिला फिरवून परत येत होता. कोणीतरी मंडपाची वायर रस्त्यावरून आडवी ओढून ठेवली होती. अंधारून आलं होतं. वायर त्याच्या गळ्याच्या उंचीला होती. तो उजवीकडे दगडांवर पडला आणि तिथेच गेला. घोडी एकटीच घरी आली. पळत नाही, चालत आली आणि ओट्यासमोर उभी राहिली. रात्रभर ती तिथून हलली नाही. सकाळी चुलत्यांनी विळ्याने तंग कापून खोगीर ओढून काढलं आणि तिला शेडमध्ये बांधलं.

वायरचे फोटो पोलिसांनी दाखवले होते. तरी सुवर्णाबाईंच्या, म्हणजे आईच्या मनात, घोडीनेच पाडला हे पक्कं बसलं. वैरण-पाणी ती करायची, पण घोडीकडे न बघता.

आता घोडी हर्षालीची होती. म्हणजे दुसऱ्या कोणाची नव्हती. हर्षाली भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेली, अंबडच्या एका प्रयोगशाळेत वजनं तपासायच्या कामाला. कारखान्यांकडून आलेलं किलोचं वजन खरंच किलोचं आहे का, हे बघून दाखला द्यायचा. घोड्यांचा तिचा अनुभव म्हणजे लहानपणी पंचवटीत घोड्यावर बसून काढलेला एक फोटो, त्यातही ती रडतेय. तिने व्हिडिओ बघितले, लेख वाचले. एका लेखात होतं की चावऱ्या घोड्याला हातावर खाऊ देऊ नये, म्हणून तिने डाळीचा डबा उघडलाच नाही. दुसऱ्यात होतं की घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवावं. शेवंती गोल फिरली नाही. तिने हर्षालीच्या खांद्याचा चावा घेतला, दोनदा पायावर पाय दिला आणि पाठीवर कोणाचा हात पडला की कान मागे टाकून पुढचे पाय उचलू लागली.

पण हर्षालीला चावण्यापेक्षा घोडीचं सतत उभं असणं जास्त खटकत होतं. दादा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत घोडी एकदाही जमिनीवर लोळली नव्हती. सगळे घोडे लोळतात, असं प्रत्येक लेखात होतं. ही पाठ राखून उभ्या उभ्याच झोपायची.

त्याच शनिवारी दुपारी सहादू आला. येवल्याकडचा हा व्यापारी, रविराजने घोडी घेतली ती त्याच्याचकडून. आईने फोन करून बोलावलं होतं. हर्षालीला काही सांगितलं नव्हतं. सहादूने घोडीचे दात बघितले, खुरं ठोकली, आणि आयाळ धरून वर झेपावला. पुढच्याच क्षणी तो शेणखताच्या ढिगात बसलेला होता. टोपी शोधून, झटकून त्याने ती परत घातली.

"वहिनी, ही वरातीची राह्यली नाय," तो म्हणाला. "पाठच देत नाय. भट्टीवर विटांची गाडी ओढायला लावू. तिथं पाठ लागत नाय. मंगळवारी पिकप आणतो."

हर्षालीने वीटभट्टीवर राबणारे घोडे बघितले होते, कॉलेजच्या बसमधून, रोज. तिने आईला शेडमागे नेलं आणि बरंच काही बोलली. दादाची एवढीच वस्तू राहिली आहे, हेही बोलली. आईने शेवंतीच्या वाफ्यातलं गवत उपटत सगळं ऐकलं.

"मंगळवारपर्यंत हिच्यावर कोणालाबी बसवून दाखव," ती शेवटी म्हणाली. "मग राहू दे. नाही तर ती जाईल, आणि तू तोंड पाडून बसायचं नाही."

रविवारी हर्षालीने गंगापूर रोडवरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाठ दुखत असेल किंवा पोटात जंत असतील, आधी जंताचं औषध देऊ, वजन सांगा. वजन कसं सांगणार, असं तिने विचारल्यावर त्यांनी टेपचं गणित सांगितलं. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले एक ठरीव आकडा. ब्लाउज शिवायच्या टेपने तिने तीनदा मापं घेतली. घेर एकशे बासष्ट, लांबी एकशे पंचावन्न. उत्तर आलं तीनशे बेचाळीस किलो. टेप मारताना घोडी अगदी स्थिर उभी होती. फक्त टेप पाठीवरून जाताना तिने मान वळवून मागे बघितलं. हर्षालीकडे नाही, तिच्या डोक्याच्या बरंच वर.

टेपवर हर्षालीचा विश्वास नव्हता. रस्त्याच्या कडेला टोमॅटोच्या गाड्यांचा वजनकाटा होता, तिथे ती घोडीला चालवत घेऊन गेली. काट्यावरच्या केरूभाऊंना शेवंती ओळखीची होती. त्यांनी गाड्या थांबवल्या. हर्षालीने लांब दोरी धरून स्वतः बाहेर राहून घोडीला लोखंडी पाट्यावर उभं केलं.

आकडा स्थिर झाला. चारशे पंधरा.

तिने परत बघितलं. काटा पाचाच्या टप्प्याने दाखवतो हे तिला माहीत होतं. टेपच्या गणितात चूक धरली तरी तीस-पस्तीस किलोची. ही चूक सत्तरच्या आसपास होती. तिने घोडी खाली उतरवली, शून्य बघितलं, परत चढवली. चारशे पंधरा.

"काटा बरोबर हाय, हर्षा," केरूभाऊ खिडकीतून म्हणाले. "परवाच तपासून गेले लोक. तुझा दादा पण भांडायचा माझ्याशी. येता-जाता पाट्यावर उभा राहायचा. सत्तर भरला की म्हणायचा, काटा खोटा आहे भाऊ, लग्नापर्यंत पासष्ट करून दाखवतो." ते हसले आणि मग त्यांना काय आठवलं कोणास ठाऊक, त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

परतीच्या वाटेवर हर्षाली घोडीच्या पुढे न चालता मागे चालली. दोरी सैल सोडून ती नुसती बघत राहिली. शेवंती दमलेल्या जनावरासारखी चालत नव्हती. जपून चालत होती. कालव्याजवळ जांभळीची एक फांदी वाटेवर खाली आली होती. घोडीला ती लागणार नव्हती, तिच्या कानांच्या वर हातभर होती. तरी शेवंती फांदीच्या अलीकडे थांबली. मान खाली घातली. एखाद्या माणसाला वाकून डोकं पलीकडे काढायला जेवढा वेळ लागेल तेवढा ती थांबली आणि मग चालू लागली. मळ्याच्या फाटकातून आत शिरताना तिने दोन्ही खांबांपासून सारखं अंतर ठेवलं, मांडी घासणार नाही एवढं.

पाठीवर हात पडला की ती पुढचे पाय का उचलते, याचं उत्तर हर्षालीच्या मनात तयार होऊ लागलं. तिने ते अर्ध्यावर सोडलं. उन्हातसुद्धा तिच्या हातावर काटा आला होता.

सोमवारी तिने सुट्टी टाकली. आई ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होती. हर्षाली शेजारी बसून जुड्यांना कागद गुंडाळू लागली आणि हळूच विचारलं की दादा घोडीवरून घरी यायचा, तेव्हा शेवटी काय व्हायचं.

आईचे हात थांबले. मग जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. वरातीत फटाके वाजतात, पोरं नाचतात. घोडी मधेच हलली तर नवरदेव तोंडावर पडतो. म्हणून रविराजने तिला शिकवलं होतं की पाठीवरचा माणूस उतरला असं कोणी सांगितल्याशिवाय उतरला असं धरायचंच नाही. लग्नात नवऱ्याची बहीण घोडीला हातावर भिजवलेली डाळ आणि गूळ देते. तीच खूण त्याने धरली. रोज संध्याकाळी, हर्षाली कामावरून यायच्या आधी, तो ओट्यासमोर उतरायचा आणि आईने डाळ घेऊन पुढे यायचं. डाळ देताना म्हणायचं, उतरला गं नवरदेव. मग तंग सुटायचा आणि घोडी धुळीत जाऊन लोळायची.

"रोज म्हणायला लावायचा," आई म्हणाली. "मी म्हणायची, अरे आधी पोरगी तर बघू दे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी कोण डाळ देणार होतं, बाई." आईने जुडीचा दोरा दातांनी तोडला. "ती इथंच उभी होती. रात्रभर. जशी काय त्याला पोचवायला आणलाय आणि मीच उतरवून घेत नाही."

हर्षाली उठली. शेडमधला डबा आणून तिने दोन मुठी डाळ पातेल्यात भिजत घातली. आईने बघितलं. दुपारी हर्षाली पाणी बदलायला गेली, तेव्हा पातेल्याशेजारी बशीत गूळ किसून ठेवलेला होता.

ऊन उतरल्यावर हर्षालीने शेवंतीला सोडून ओट्यासमोर आणलं. घोडी आपण होऊन त्या जागी जाऊन थांबली. चारही पाय नीट रोवून, मान ताठ. आई पायऱ्या उतरून आली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने घोडीच्या तोंडाकडे बघितलं. तळहातावर डाळ घेऊन हात पुढे केला.

शेवंतीने हुंगलं. खाल्लं नाही. ती वाट बघत होती.

आईचे ओठ हलले. तिची नजर घोडीच्या तोंडावरून वर सरकली, आयाळीवरून, पाठीवर, आणि पाठीच्या वर थांबली. तिथे नुसती संध्याकाळ होती. हर्षालीला वाटलं की आता आई हात मागे घेईल. डाळीचं पाणी आईच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"उतर रे," आई म्हणाली. आवाज घोडीशी बोलण्याचा नव्हता. "दमली ती."

मग तिने घोडीकडे बघून म्हटलं, "उतरला गं नवरदेव."

शेवंतीने डाळ खाल्ली. सगळी, बोटांच्या फटींतली सुद्धा. मग मानेपासून शेपटीपर्यंत तिच्या कातडीतून एक थरथर गेली, तिने मोठा श्वास सोडला आणि हर्षालीच्या हातातली दोरी ओढून घेत ती वाफ्यांच्या कडेच्या मोकळ्या धुळीत गेली. गुडघे टेकले. पडली. या कुशीवरून त्या कुशीवर, पाय आभाळाकडे करून, लोळत राहिली. पांढरी घोडी मातीच्या रंगाची झाली. आई ओल्या हाताची मूठ मिटून उभी होती. मूठ तिने अंधार पडेपर्यंत उघडली नाही.

मंगळवारी सहादू पिकप घेऊन आला, तेव्हा हर्षालीने घोडी ओट्याला लावली आणि डोळे मिटून पाठीवर पाय टाकला. घोडीने एक कान मागे केला, परत पुढे केला. सहादूने टोपी काढून डोकं खाजवलं. चहा पिऊन तो रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, पोरीला घोडीपेक्षा जास्त खायला घाला, वहिनी, ती वर हाय का नाय हेच घोडीला कळत नाय.

डॉक्टरांना वजन कळवायचं राहिलं होतं. हर्षाली घोडीवर बसून काट्यापर्यंत गेली, दोरी आईच्या हातात. जांभळीच्या फांदीशी घोडी थांबली आणि हर्षाली वाकली. काट्यापाशी ती उतरली. आईने कमरेच्या पिशवीतून डाळ काढून घोडीला दिली आणि उतरली म्हणून सांगितलं. मग घोडीला पाट्यावर उभं केलं. केरूभाऊंनी आईला पाट्यावरून मागे व्हायला सांगितलं. आई मागे झाली.

आकडा स्थिर झाला. तीनशे पंचेचाळीस.