करवतीचे डावे दात

थांबा, थांबा, मध्ये कुणी बोलायचं नाही, नाहीतर माझा क्रम चुकतो. आधी काका. काका म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आयुष्यभर ऑफिसात या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर केल्या आणि रिटायर झाल्यावर एका आठवड्यात सुतार झाले. हसू नका, खरंच झाले! कातडी एप्रन शिवून घेतला, दाढी वाढवली, आणि दर रविवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत क्लास सुरू. 'यंत्राशिवाय, फक्त हाताने.' हौशी लोक येतात, मोबाइल ठेवायचा स्टँड नाहीतर कुंड्यांची फळी बनवतात आणि खूश होऊन घरी जातात.

आणि हत्यारं कुणाची? माझ्या बाबांची!

बाबा खरे सुतार. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांची दारं-खिडक्या केल्या. त्यांची एक पेटी होती, स्वतः बनवलेली. आत प्रत्येक हत्याराला स्वतःची खाच. रंधा इथे, पटाश्या लहानापासून मोठीपर्यंत ओळीत, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला करवत. लहानपणी मी डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे ते हत्यार हाताला लागायचं. आणि मग ओरडा बसायचा.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अटॅक आला, मेंदूचा. उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण ऐकत नाही. बाबा हॉस्पिटलात, आई त्यांच्यापाशी, आणि हे काका घरी येऊन पेटी उचलून घेऊन गेले. "घर बंद असतं, गंज धरेल, मी नीट सांभाळून ठेवतो." मीच दार उघडून दिलं हो! वर पेटी जड म्हणून एका बाजूने धरून रिक्षापर्यंत पोचवली. मूर्ख!

बाबा घरी आल्यावर दोन महिन्यांनी काका-काकू भेटायला आले. बाबांनी बिचकत विचारलं, "दादा, ती पेटी..." काकांनी चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "अरे, तुला आता काय उपयोग तिचा?"

बस्. एवढंच. आणि बिस्किट उचललं.

बाबांनी तो उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि उशीखाली सरकवला. कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं. तेव्हा मी ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही. काय करणार ते माहीत नव्हतं. पण रोज झोपताना मी त्यांना वेगवेगळ्या प्रकारे रडवायची, मनातल्या मनात. एकदा तर बिस्किटांच्या बरणीत बंद केलं होतं.

तोपर्यंत हाताला काम हवं म्हणून मी भंगारवाल्याकडून गंजकी हत्यारं आणायला लागले. तो किलोवर देतो, त्याला काय फरक पडतो रंधा आहे की बिजागरी. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, सकाळी तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं, लगेच पुसून तेल. लगेच म्हणजे लगेच, फोन आला म्हणून थांबलात तर पुन्हा लाल! मुठी फुटलेल्या असल्या तर नव्या करायच्या. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी करायची. "दाबू नकोस. हत्याराला त्याचं काम करू दे." "कान कुठे आहे तुझा? आवाज बदलला ऐकू नाही आला?" असं करत मी स्टूल केलं, चपलांचा रॅक केला, आईला मसाल्याच्या डब्यांची मांडणी केली. पहिली मांडणी एवढी तिरकी होती की हळदीचा डबा आपोआप चालत मिठापर्यंत जायचा. पण धार लावण्यात मात्र माझा हात बसला. घरी मला 'कानस' म्हणतात ते काही उगाच नाही. तसं ते नाव मी सगळ्यांना घासते म्हणून पडलंय, पण असो.

तर गेल्या महिन्यात बाबा व्यायामाला गेलेले असताना दारात कोण? काका. हातात पेटी!

"कानस, तुझ्या हाताला म्हणे चांगली धार आहे. जरा बघ ना, सगळी बोथट झालीत. पुढच्या रविवारी मोठ्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक आहे. चाळीस माणसं. एका तासात स्टूल करून दाखवणार आहे मी!"

"तुम्ही?"

"मग कोण? आणि हे बघ, बाबाला सांगू नकोस. उगाच त्याला वाईट वाटेल."

किती काळजी! मी म्हणाले, "ठेवा काका. चार दिवसांत देते."

ते गेले आणि मी पेटी उघडली. काय सांगू. मुठींना चकचकीत वॉर्निश फासलेलं, हाताला चिकट. अर्ध्या इंचाच्या पटाशीने कुणीतरी स्क्रू पिळलेले, टोक तुटकं. रंध्याच्या तोंडात वाळलेला गोंद. मी खाली बसले आणि रडले. मग रडायचं थांबवून शिव्या दिल्या. मग बाबांना दिसू नये म्हणून पेटी घेऊन तुझ्या गच्चीवर आले. हो, तेच! तू काय हसतोस, तुला सांगितलं होतं ना कॉलेजचं प्रोजेक्ट आहे म्हणून? ते हे.

आता तुम्ही म्हणाल, पेटी ठेवूनच घ्यायची ना. घेतली असती, पण मग काका चार लोकांत म्हणाले असते, पुतणीने चोरली. आणि बाबांनीच मला परत द्यायला लावली असती. बाबा भावापुढे बोलतच नाहीत. लहानपणापासून नाही.

मी रंधा, पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, सगळं इमानदारीत केलं. वॉर्निश खरवडून काढलं, तेल पाजलं, पटाशीचं तुटकं टोक घासून नवीन धार काढली. राहिली करवत.

करवतीचे दात सरळ नसतात, माहितीये? एक थोडासा डावीकडे वाकवलेला, पुढचा उजवीकडे, परत डावीकडे. म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. त्यासाठी चिमटा असतो, एकेक दात धरून दाबायचा. दोन्हीकडे सारखा. जिकडे जास्त वाकवाल तिकडे करवत ओढते.

मी डावे दात किंचित जास्त वाकवले. किंचित! केसाएवढे. पण सगळेच्या सगळे.

आणि हे ऐका, मी त्यांना फसवलं असं कुणी म्हणू नका. धार लावून आलेली करवत कुठलाही सुतार आधी डोळ्यासमोर आडवी धरून दातांच्या रेषेवरून नजर टाकतो. पाच सेकंद लागतात. मग एका टाकाऊ पट्टीवर एक काप मारून बघतो, सरळ जातेय का. बाबांनी तीस वर्षांत एकदाही हे चुकवलं नाही. मी तर करवतीला एक टाकाऊ पट्टीसुद्धा दोरीने बांधून दिली होती! अजून काय करायचं माणसाने? काकांनी ती पट्टी हॉलचं दार उघडं राहावं म्हणून दाराखाली सरकवली. मी डोळ्यांनी बघितली.

रविवारी मी बाबांना म्हणाले, "चला, काकांचा कार्यक्रम आहे."

"मला नाही यायचं."

"पेटी बघायला मिळेल."

बाबांनी डाव्या हाताने केस सारखे केले. मग म्हणाले, "तो निळा शर्ट दे."

आम्ही शेवटच्या रांगेत. काका एप्रन घालून पुढे, मागे मोठा बोर्ड, समोर चाळीस माणसं. पहिल्या रांगेत एक आजीबाई वही-पेन घेऊन बसलेल्या, शाळेत बसतात तशा ताठ. काका म्हणाले, "ही हत्यारं म्हणजे माझ्या जिवाचा तुकडा. ही पेटी मी तरुणपणी या दोन हातांनी घडवली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसते पुढे बघत राहिले. त्यांच्या कानशिलावरची शीर मात्र उडत होती. मी मनात म्हटलं, काप आता. काप ना!

काकांनी फळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत लावली. पहिले दोन इंच बरे गेले. मग करवत हळूच डावीकडे निघाली. काकांनी मूठ उजवीकडे पिळली. करवत अडकली. ओढली, पुन्हा डावीकडे. काप असा गेला की जणू काकांना फळीच्या बाहेर काही काम होतं.

"लाकूड ओलं आहे," काका म्हणाले. दुसरी फळी. पुन्हा डावीकडे. तिसरी. मागे कुणीतरी खुसखुसलं. शेवटी चार पाय बैठकीला जोडून स्टूल उभं केलं. तीन पायांवर ते राहिलं आणि चौथा पाय नुसता हवेत.

आजीबाई म्हणाल्या, "यावर बसायचं कुणी?"

सगळा हॉल हसला. आणि मी! मी तर आतून नाचत होते. तीन वर्षांचं बिस्किट त्या हसण्यात होतं.

काका घामाघूम. करवत उचलून टेबलावर आपटली आणि म्हणाले, "या करवतीतच काही दम नाही! जुनं भंगार आहे, फेकून द्यायच्या लायकीचं. पुतणीकडे दिली होती, काय करून ठेवलंय कोण जाणे."

आणि बाबा उठले.

म्हणजे बघा हं, स्वतःचा अपमान गिळला, पेटी गेली तरी गिळलं, 'मी घडवली' तेही गिळलं. पण करवतीला भंगार म्हटलेलं त्यांना चाललं नाही. एक पाय ओढत, खुर्च्या धरत पुढे गेले. चाळीस माणसं वळून बघतायत.

"दादा, बघू."

डाव्या हातात करवत घेतली. डोळ्यासमोर आडवी धरली. एक, दोन, तीन सेकंद. मग त्यांनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. माझं नाचणं तिथल्या तिथे बंद.

"इकडे ये. धार लावायचा दगड घे."

मी गेले. बाबांनी करवत टेबलावर आडवी ठेवली, मला मूठ घट्ट धरायला लावली आणि डाव्या हाताने दातांच्या डाव्या बाजूवरून दगड अलगद ओढला. एकदा, दोनदा. बोटाने चाचपून पाहिलं. तिसऱ्यांदा, अगदी हलका.

"काप."

मी? चाळीस लोकांसमोर? पण त्यांच्या तोंडाकडे बघून करवत उचलली. कापलं. रेघेवरून करवत अशी गेली, सर्रर्र, तुकडा खाली पडला तेव्हा तो पेन्सिलीची अर्धी रेघ घेऊन पडला.

आजीबाईंनी पेनाने बाबांकडे बोट दाखवलं. "मग शिकवणारे हे का नाहीत?"

"तो माझा धाकटा भाऊ," काका म्हणाले, "त्याला मीच..."

"तुम्हीच काय?" मी विचारलं.

काका फळीवरचा भुसा झटकायला लागले. बाबा एकेक हत्यार पुसून खाचेत ठेवत होते. न बघता. रंधा, पटाश्या, गुण्या. शेवटी करवत झाकणाला लावली, पेटी बंद केली.

"दादा, पेटी घरी नेतो."

"अरे, पण तुला आता काय..."

आणि थांबले! अख्खा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता, वाक्य पुढे नेणार कसं? बाबा दोन क्षण थांबले, पुढचं ऐकायला तयार असल्यासारखे. मग मला म्हणाले, "धर त्या बाजूने."

रिक्षात मी विजयी! म्हटलं, आता बाबा पाठ थोपटणार. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "डावीकडचे सगळे दात एकाच मापाने जास्त वाकलेले होते. इतकं सारखं चुकतं का कुणाचं?"

मी पेटी नीट धरायला लागले.

"माझ्या करवतीला खोटं बोलायला लावलंस तू. चार माणसांत तिने शिव्या खाल्ल्या."

"त्यांनी तुमचा..."

"माझं मी बघेन. तिने काय केलं होतं?"

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. हे मात्र लागलं मला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी सगळे दात सपाट करून पुन्हा वाकवायला लावले. नव्वदच्या वर दात आहेत हो! प्रत्येकावरून बाबांचं बोट. "हा बघ. पुन्हा." संध्याकाळी पाच वाजता म्हणाले, "ठीक आहे," आणि मी सुटले असं वाटलं, तर म्हणाले, "आता दादाकडे जा आणि माफी माग. काय केलंस ते खरं खरं सांग. काही लपवायचं नाही."

आईसुद्धा म्हणाली, "जा, मोठे आहेत ते."

ठीक आहे, म्हटलं. खरं खरं सांगायचं ना? मग रविवारीच गेले. क्लासच्या वेळेला. अकरा माणसं होती, आजीबाई पहिल्या बाकावर. मी दारात हात जोडून उभी राहिले.

"काका, माफी मागायला आले. तुमची करवत मी मुद्दाम बिघडवली होती."

काकांचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हणत नव्हतो?"

"म्हणजे बाबांची करवत," मी म्हणाले. "डावे दात जास्त वाकवले होते. डोळ्यासमोर धरली की पाच सेकंदांत दिसतं. नवशिक्यालासुद्धा दिसतं. तुम्हाला इतक्या दिवसांत दिसलं नाही. तपासायला पट्टी बांधली होती, ती तुम्ही दाराखाली घातलीत. तुम्हाला करवत तपासता येते असं मी धरून चालले, हे माझं चुकलं. मनापासून माफ करा."

आजीबाई वहीत लिहीत होत्या. "डोळ्यासमोर धरून... म्हणजे अशी आडवी ना गं?"

"अशी," मी दाखवलं.

काकांनी एप्रनची गाठ सोडली, परत बांधली. "चहा घेऊन जा," म्हणाले.

"नको काका," मी म्हणाले, "बिस्किटं तुम्हाला राहू देत."

घरी आले. बाबा पेटी उघडी ठेवून बसले होते, डाव्या हाताने पटाशी दगडावर फिरवत. वाकडीतिकडी फिरत होती, पण फिरत होती.

"मागितलीस माफी?"

"हो. सगळ्यांसमोर."

"खरं सांगितलंस?"

"सगळं."

पटाशी थांबली. बाबांनी तिचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"आवाज चढवलास?"

"अजिबात नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि पटाशी पुन्हा दगडावर टेकवली.